ओतीव शिशाची गोळी

शिसे वितळवून व साच्यात ओतून तयार केलेली, बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांतून झाडावयाची गोळी. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हातात धरून वापरावयाच्या शस्त्रांच्या बहुतेक गोळ्या अशाच तयार होत व पुष्कळदा शस्त्र बाळगणाराच त्या ओतीत असे. धातूच्या काडतुसाचा प्रसार झाल्यावर हे काम कारखान्याकडे गेले. तथापि वापरलेल्या काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यात ओतीव गोळी बसवून ते पुन्हा हाताने भरण्याची रीत अमेरिकेसारख्या काही देशांत, विशेषतः लहान अंतर्व्यासाच्या रिव्हॉल्व्हरसाठी, अद्याप टिकून आहे. भारतात ही रीत रुजली नाही. येथे तिच्या आधीची अवस्था, म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरावयाची बंदूक, शेतीच्या रक्षणासाठी शिल्लक राहिली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ व त्याच्या आसपासचे तालुके हा अशा बंदुकीचा एक परिचित प्रदेश आहे. एकाच वस्तूला दोन ठिकाणी अशा दोन वाटा का मिळाल्या, याचे उत्तर तंत्रात थोडे व कायद्याच्या इतिहासात अधिक सापडते.

धातू व साचा : गोळीसाठी शिसे निवडले जाण्याची कारणे साधी आहेत. त्याची घनता पाण्याच्या सु. ११·३ पट असल्याने लहान आकारात पुरेसे वजन मिळते व गोळीचा वेग हवेच्या विरोधाने लवकर कमी होत नाही. ते ३२७·५° से. तापमानास वितळते, म्हणजे लोखंडाची पळी व चुलीतील निखारे एवढ्या साधनांवर त्याचा रस होतो. लोखंड किंवा तांबे यांच्या बाबतीत हे शक्य नाही. शिवाय ते मऊ असल्याने पोलादी नळीस इजा करीत नाही. साचा म्हणजे सांडशीसारख्या दोन दांड्यांना जोडलेले धातूचे दोन ठोकळे. ठोकळे मिटले की मधोमध गोळीच्या आकाराची पोकळी तयार होते. वरच्या छिद्रातून रस ओतावयाचा, तो गोठला की छिद्रातील जादा धातू कापून टाकावयाचा आणि साचा उघडून गोळी खाली पाडावयाची, असा हा क्रम असे.

बंदुकीच्या नळीचे मापही शिशावरूनच ठरत असे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या, तर त्यांपैकी एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती ‘बारा बोअर’ची नळी होय, तिचा अंतर्व्यास सु. १८·५ मिमी. भरतो. बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते, याचे कारण हेच. जुन्या बंदुकांच्या नळ्या हाताने घडविल्या जात असल्याने एकाच कारागिराच्या दोन बंदुकांचे मापही तंतोतंत जुळत नसे. त्यामुळे प्रत्येक बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा साचा देण्याची पद्धत पडली. गोळी ओतण्याचे काम बंदूक बाळगणाऱ्याकडे राहिले, ते मुख्यतः या कारणामुळे.

छऱ्यांचा इतिहास थोडा वेगळा आहे. ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये उंच मनोऱ्यावरून चाळणीतून शिशाचा रस खाली पाण्यात सोडून गोल छरे करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. थेंब खाली पडत असताना पृष्ठताणामुळे गोल होतो व वाटेतच घट्ट होऊ लागतो. छरे अशा रीतीने अठराव्या शतकातच कारखान्यात तयार होऊ लागले. गोळी मात्र पुढे बराच काळ घरी व छावणीतच ओतली जात होती.

कोकणातील प्रारंभ : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला, तेव्हा तेथे बंदुका घडविणारे स्थानिक कारागीर त्यांना आढळले. त्यांच्या कौशल्याची वाखाणणी आफाँसो द अल्बुकर्क याने पोर्तुगालच्या राजाला पाठविलेल्या पत्रांत केली आहे. या कारागिरांच्या कामातून व पोर्तुगीज पद्धतीतून तोडेदार बंदुकीचा एक मिश्र प्रकार तयार झाला. जळत्या सुती तोड्याने, म्हणजे जामगीने, कानातील दारू पेटविणारी ही बंदूक पुढे पूर्वेकडील देशांतही गेली. गोव्याला लागून असलेल्या कुडाळ प्रांतात तिचा परिचय लवकर झाला असल्यास नवल नाही.

सतराव्या शतकात हा प्रांत विजापूरची आदिलशाही, कुडाळचे प्रभुदेसाई, वाडीचे सावंत, पोर्तुगीज व मराठे यांच्या संघर्षाचे क्षेत्र बनला. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुडाळ प्रांतात आदिलशाही सरदार खवासखान याचा पराभव केला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली. किल्ल्याच्या पायाचे चिरे शिशाचा रस ओतून बसविल्याचे बखरींच्या परंपरेत सांगितले जाते. समुद्राच्या पाण्यात शिसे लोखंडासारखे गंजत नाही, हा गुण त्यामागे असावा. एकाच धातूची अशी दोन प्रकारची गरज असताना त्याचा पुरवठा बव्हंशी समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर अवलंबून होता. इंग्रज कंपनी पश्चिम किनाऱ्यावर विकण्यासाठी आणीत असलेल्या मालात शिसे हा एक प्रमुख जिन्नस होता. पन्हाळ्याच्या वेढ्यात (१६६०) राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली व त्याबद्दल शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली, ही घटना प्रसिद्धच आहे. दारूगोळा पुरविणारा व्यापारी तटस्थ राहू शकत नाही, हे तीवरून दिसते.

दारू व दमट हवा : गोळी घरी ओतता येई, दारूचे तसे नव्हते. काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाने बनते आणि तिच्यात सोऱ्याचे प्रमाण सु. तीनचतुर्थांश असते. सोरा कोरड्या प्रदेशातील मातीच्या थरावर जमतो. वर्षाला ३,००० मिमी.च्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस पडणाऱ्या कोकणात तो धुऊन जातो; म्हणून तो बाहेरून आणावा लागे. तयार दारूही हवेतील ओल धरते आणि ओली दारू उशिरा पेटते किंवा पेटतच नाही. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील राजनीतीवरील ग्रंथात, याची पुरती जाणीव दिसते. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्यास तळघर करून ते गच्ची करावे, त्यात माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी, सर्दी लागू देऊ नये आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. दारूवरील ही मुद्रा म्हणजे राज्याचा ताबा होय. शिशाच्या गोळीपेक्षा दारू ताब्यात ठेवणे राज्यकर्त्यांस अधिक सोपे व अधिक उपयोगाचे वाटले, हे पुढील काळातही खरे ठरले.

रिव्हॉल्व्हर व काडतूस : सॅम्युएल कोल्ट याने फिरत्या कोठ्याच्या पिस्तुलाचे एकस्व इंग्लंडमध्ये १८३५ मध्ये व अमेरिकेत १८३६ मध्ये घेतले. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात कोल्टचे व रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचे रिव्हॉल्व्हर मांडलेले होते. त्यानंतर भारतात येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांत हे शस्त्र पसरले. ही रिव्हॉल्व्हरे काडतुसाची नव्हती. कोठ्याच्या प्रत्येक घरात दारू घालून वर गोळी दाबावयाची व मागील बोंडीवर आघाताने पेटणारी केप बसवावयाची, अशी त्यांची भरणी होती. म्हणून लाकडी पेटीत रिव्हॉल्व्हरच्या शेजारी दारूची कुपी, केपांची डबी व गोळीचा साचा ठेवलेला असे. ठासणीच्या बंदुकीची संपूर्ण पद्धत अशा प्रकारे या नव्या शस्त्रात कायम राहिली होती.

हा क्रम धातूच्या काडतुसाने मोडला. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने १८५७ मध्ये ०·२२ इंच अंतर्व्यासाचे लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याच्या तांब्याच्या नळकांड्यातच दारू, गोळी व पेटविणारे द्रव्य एकत्र होते; पेटविणारे द्रव्य नळकांड्याच्या कडेत भरलेले असे. कड एकदा घोड्याच्या आघाताने चेपली की ते नळकांडे पुन्हा उपयोगी पडत नसे. इंग्लंडमधील बॉक्सर व अमेरिकेतील बर्डन यांनी १८६६ च्या सुमारास मध्यभागी केप बसविण्याच्या पद्धती प्रचारात आणल्या. बॉक्सर पद्धतीत जळलेली केप काढून नवी बसविता येत असल्याने पितळी नळकांडे अनेकदा भरणे सोपे झाले. आधुनिक हातभरणीचा आधार हाच.

१८५७ चा वाद : भारताच्या इतिहासात काडतुसाला जे स्थान मिळाले ते मात्र कागदी काडतुसामुळे. एन्फील्ड रायफलच्या (१८५३) कागदी काडतुसात मोजलेली दारू व शिशाची लांबट गोळी असे. नळीतील सर्पिल खाचांतून ती सहज उतरावी म्हणून कागदास वंगण लावीत. या वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची वार्ता पसरल्यावर जानेवारी १८५७ मध्ये सरकारने काडतुसे वंगणाविना द्यावीत व शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, असे ठरविले. परंतु गमावलेला विश्वास परत आला नाही. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या पिढ्यांनी आपली गोळी स्वतः ओतली व आपल्या हाताने मेण वा तेल लावले, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभाच राहिला नसता. शस्त्राचा खाद्यपुरवठा दुसऱ्याच्या हाती गेला, तेव्हाच त्यात काय घातले आहे याची शंका निर्माण झाली. कोल्हापूर येथील २७ व्या पलटणीने ३१ जुलै १८५७ रोजी उठाव केला. त्यापूर्वी १८४४-४५ मध्ये कोल्हापूर व सावंतवाडी भागांतील गडकऱ्यांनी बंड केले होते आणि मनोहरगड व मनसंतोषगड घेण्यासाठी इंग्रजांना मोठी फौज आणावी लागली होती. घरोघर शस्त्र व गोळी असलेला डोंगराळ मुलूख ताब्यात ठेवणे किती अवघड आहे, याचा अनुभव त्यांनी या भागात घेतला होता.

शस्त्रांचा कायदा : १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणाच्या उपायांना १८७८ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाने कायमचे रूप दिले. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे, बनविणे व विकणे यांवर बंदी आली. यूरोपीय लोकांना नियमांद्वारे सूट मिळाली. या अधिनियमातील युद्धसामग्रीच्या व्याख्येत शिसे, गंधक व सोरा यांचाही समावेश सरकारला करता येईल, अशी तरतूद होती. ज्या वस्तूंपासून घरी गोळी व दारू तयार होई, त्याच या तीन वस्तू होत. तयार शस्त्रापुरता हा कायदा मर्यादित नव्हता. ते चालविण्याची स्वतंत्र क्षमता त्याच्या कक्षेत आली होती. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या अधिनियमाविरुद्ध ठराव केले.

दरम्यान पुणे येथील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला होता. काडतूस आता सरकारी कारखान्यातून किंवा परवानाधारक दुकानातून येणारी वस्तू बनले. क्रांतिकारकांनाही हा बदल ओळखावा लागला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याचा वध केला. त्यासाठी वापरलेले पिस्तूल हे वि. दा. सावरकर यांनी लंडनहून गुप्तपणे पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते व त्यांबरोबर काडतुसेही पाठविलेली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या बंडखोराला शिसे व दारू मिळाली म्हणजे पुरे होत असे; विसाव्या शतकातील बंडखोर परदेशातील कारखान्यावर अवलंबून होता.

हातभरणी : अमेरिकेत याच काळात उलट दिशेने घडामोड झाली. विस्तीर्ण प्रदेश, दूरची दुकाने व महाग काडतुसे यांमुळे लोक वापरलेली नळकांडी जपून पुन्हा भरीत. जॉन बार्लो याने १८८४ मध्ये स्थापन केलेली आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी साचे व भरणीची हत्यारे विकू लागली. १९२५ मध्ये ती लायमन या कंपनीकडे गेली. शुद्ध शिसे मऊ असल्याने वेग वाढला की नळीतील खाचांत त्याचा लेप बसतो व नेम बिघडतो. म्हणून गोळीच्या धातूत कथिल व अँटिमनी मिसळू लागले. कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो, तर अँटिमनीमुळे गोळी कठीण होते. छापखान्यातील जुन्या खिळ्यांच्या धातूत हे तिन्ही घटक असल्याने त्या खिळ्यांना या कामी मागणी असे. गोळीभोवतीच्या खाचेत मेणाचे वंगण भरण्याची रीतही रूढ झाली.

लहान रिव्हॉल्व्हरची गोळी कमी वेगाची असल्याने तिला तांब्याच्या आवरणाची गरज फारशी भासत नाही. १८९६ मध्ये आलेल्या ०·३२ इंची स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसाची शिशाची गोळी सु. ६·३ ग्रॅ. वजनाची असते. लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत या काडतुसाची सपाट तोंडाची गोळी लोकप्रिय झाली. कारण ती कागदी लक्ष्यावर काठ न फाटता स्वच्छ गोल छिद्र पाडते व गुण मोजणे सोपे जाते. लष्करी उपयोगातून मात्र उघडी शिशाची गोळी हद्दपार झाली. शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांवर हेग येथे १८९९ मध्ये निर्बंध घालण्यात आले. त्या वादाचे कारण ठरलेली ‘डमडम’ गोळी कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात तयार झाली होती.

कुडाळ व शेतीसंरक्षण : संस्थानी काळात कुडाळ सावंतवाडी संस्थानात होते, विलीनीकरणानंतर ते रत्नागिरी जिल्ह्यात व १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आले. कर्ली नदीच्या खोऱ्यातील भातशेती, नारळी-पोफळीच्या बागा व चढावरील काजूच्या लागवडी रानाला लागूनच आहेत. रानडुकरे, गवे, साळिंदर व माकडे यांचा उपद्रव येथे जुनाच आहे. पीक पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत रात्री मांगरात राखण करणे हा शेतीकामाचाच एक भाग असे व त्या राखणीत केपाची ठासणीची बंदूक उपयोगी पडे.

स्वातंत्र्योत्तर कायद्याने या गरजेला मान्यता दिली. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या नागरिकास तो द्यावा, अशी तरतूद आहे. अन्य कारणे नसल्यास तो नाकारता येत नाही. इतर अनेक शस्त्रांच्या बाबतीत अर्जदारास गरज पटवून द्यावी लागते. मात्र त्याच अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व तो तयार करण्याची यंत्रेही येतात आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनविण्यास मनाई आहे. रिव्हॉल्व्हरचा परवानाधारक आपली काडतुसे घरी भरू शकत नाही, ते यामुळे. त्याला ठराविक संख्येने मिळणारी कारखान्यातील काडतुसेच घ्यावी लागतात. १८३६ च्या रिव्हॉल्व्हरची भरण्याची पद्धत आणि कुडाळच्या शेतकऱ्याच्या बंदुकीची पद्धत मूलतः एकच. पण कायद्याने एकीला नव्या युगात नेले व दुसरीला जुन्या युगात राहू दिले. सावकाश भरली जाणारी, एकदाच झाडता येणारी बंदूक राज्यास कमी धोक्याची वाटते, हे या सवलतीमागील कारण दिसते.

या सवलतीस मर्यादाही आहेत. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार निषिद्ध असून पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्यांबाबतही वनखात्याची परवानगी लागते. म्हणून परवान्याची बंदूक प्रत्यक्षात बहुधा आवाज करून जनावरे हुसकण्यापुरतीच वापरता येते. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करून घेतली जातात. २०१९ व २०२४ च्या विधानसभा निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत झाल्या. भाताच्या कापणीचे दिवस याच सुमारास येत असल्याने, बंदूक ठाण्यात व पीक रानाच्या तोंडी, अशी स्थिती अशा वेळी शेतकऱ्यावर येऊ शकते. ठासणीची बंदूक वापरणाऱ्यासही धोक्याची आहे. दारू ओली असल्यास चाप ओढल्यावर बार क्षणभराने होतो. बार झाला नाही असे समजून नळी वळविल्यास अपघात घडतो.

शिशाचे दुष्परिणाम : शिसे हे शरीरात साठत जाणारे विष आहे. ते मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांस अपाय करते व लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीस बाध आणते. गोळी ओतताना रसावर येणारी राख व तिची धूळ हात, कपडे व अन्न यांच्यावाटे पोटात जाते. घरच्या चुलीवर शिसे वितळविण्याची जुनी रीत या दृष्टीने सर्वांत घातक होती. शिशाच्या गोळीने मेलेल्या जनावराचे मांस खाणाऱ्या पक्ष्यांनाही विषबाधा होते. कॅलिफोर्निया राज्यात काँडॉर या दुर्मिळ गिधाडाच्या रक्षणासाठी २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदी आली.

सद्यःस्थिती : भारतात ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर कानपूरच्या शस्त्र कारखान्यात तयार होते. खडकी व वरणगाव (जि. जळगाव) येथील कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. उघडी शिशाची गोळी आज मुख्यतः ०·२२ इंची (५·६ मिमी.) क्रीडाकाडतुसात दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते याच अंतर्व्यासाच्या रायफलीने. हे काडतूस कडेने पेटणारे असल्याने पुन्हा भरता येत नाही. साचा व पळी यांचे काम संपले, तरी साच्यातून येणाऱ्या धातूचा उपयोग मात्र अजून संपलेला नाही.